चाचणीच्या वेळी पंखा फिरत होता

ज्या संगणकाचा निर्माता, विक्रेता, दुरुस्ती विभाग, तक्रार निवारण अधिकारी आणि तक्रारदार या सर्व पदांचा कार्यभार एकाच व्यक्तीकडे असतो, त्याला घरी जुळवलेला संगणक असे म्हणतात. आमच्या घरी असा एक संगणक आहे. सदर व्यक्ती मी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका बुधवारी, माझी लेक एल्सी दुपारची झोपलेली असताना आणि मी ऑफिसच्या कामात गढलेली असताना, तो बंद पडला. कुरकुरला नाही, धूर सोडला नाही, पडद्यावर माफीही मागितली नाही. भर सभेतून एखाद्यानं काही न बोलता उठून जावं, तसा गेला. थोड्या वेळानं तसाच काही न बोलता आपण होऊन परत आला. तक्रारदार या नात्यानं मी दुरुस्ती विभागाला कळवलं. दुरुस्ती विभाग या नात्यानं मी म्हटलं, "एकदाच झालंय ना? बघू." या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. पण तक्रार निवारण अधिकारी माझ्या चांगल्याच ओळखीची, त्यामुळे फार ताणून धरलं नाही.

माझ्या नोकरीबद्दल इथे सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. मी एका विमा कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहिते. लोकांची छपरं बर्फानं खचतात, तळघरात पाणी शिरतं, कंपनी भरपाई नाकारते, मग लोक चिडून लिहितात आणि मी त्यांना न चिडता उत्तर लिहिते. "आपल्याला झालेल्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे," हे वाक्य माझं आहे. म्हणजे वाक्य जुनंच होतं, पण त्यात "त्रास"च्या आधी "नाहक" होतं, ते मी काढलं. त्या वर्षी मला बढती मिळाली.

एल्सी झाल्यावर मला घरून काम करायची परवानगी मिळाली, पण तात्पुरती. माझ्या साहेब मर्ना यांनी फोनवर सांगितलं होतं, "ब्रिट, महिनाअखेरीला वरची मंडळी घरून काम करणाऱ्यांचा आढावा घेणार आहेत. त्या दिवशी सकाळभर तू त्यांच्यासमोर काम करून दाखवायचंस. मध्येच जोडणी तुटली, तर मला काही बोलायला जागा राहणार नाही बघ. मग तू ऑफिसात आणि पोरगी पाळणाघरात."

एल्सी तेव्हा सोफ्याची कड धरून उभी राहायला लागली होती. कड सोडायची, हवेत दोन्ही हात पसरायची, आपण किती भयंकर धाडस केलंय हे लक्षात आलं की धपकन बसायची आणि मग टाळ्या वाजवायची. पहिलं पाऊल आता कोणत्याही दिवशी पडणार होतं. पाळणाघरात पडलं असतं, तर ते मला संध्याकाळी तिच्या टोपीची नाडी बांधता बांधता कोणाच्या तरी तोंडून कळलं असतं. आणि तेही डुलूथच्या माणसाच्या तोंडून. म्हणजे तो म्हणाला असता, "वाईट नव्हतं."

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटातल्या आमच्या डुलूथमध्ये स्तुती "वाईट नाही"च्या पुढे जात नाही आणि तक्रार "वाईट नाही"च्या मागे जात नाही. तलावावरून येणारा वारा कानाचा लचका तोडत असला तरी हवा वाईट नसते. पाय मोडून दवाखान्यात पडलेला माणूस वाईट नसतो. माझ्या नवऱ्यानं, ड्रूनं, लग्नात मला पहिल्यांदा नवरीच्या पोशाखात पाहून भरल्या डोळ्यांनी हेच दोन शब्द उच्चारले होते, आणि माझ्या आईला अजून वाटतं की त्या दिवशी तो जरा वाहवलाच. अशा गावात एखादी वस्तू बिघडली आहे असं ठरवायचं, म्हणजे आधी ते कोणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

दुसऱ्यांदा संगणक गेला तेव्हा मी ड्रूला विचारलं, "काय वाटतं रे?"

तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "वाईट नाही दिसत," तो म्हणाला.

संगणकाच्या पोटात घडामोडींची नोंद ठेवणारं एक खातं असतं. तिथं मी मोठ्या आशेनं चौकशी केली. तिथली नोंद अशी होती: संगणक रीतसर बंद न करता बंद झालेला आहे. इतकं बिनतोड, इतकं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात लिहू शकले नव्हते. व्यावसायिक मत्सर वाटला.

हा संगणक मी एल्सीच्या वेळी पोटुशी असताना जुळवला. कोणाला लोणच्याचे डोहाळे लागतात, मला स्क्रू-ड्रायव्हरचे लागले. मैत्रिणी त्या दिवसांत गोधड्या शिवत होत्या, मी मदरबोर्ड निवडत होते. दुकानातून तयार संगणक आणणाऱ्यांची मला मनापासून कीव यायची. स्वतःच्या घरातल्या यंत्रात काय आहे हे ज्यांना माहीत नाही, ती कसली माणसं! पोट पुढे आल्यामुळे कॅबिनेटच्या आत नीट दिसायचं नाही, म्हणून मी आरसा लावून स्क्रू आवळले. आतून एल्सी लाथा मारायची, बाहेरून मी स्क्रू पिळायची. आम्हां दोघींचं ते पहिलं एकत्र काम.

घरी संगणक जुळवणाऱ्यांचा पंथ आहे आणि पंथाची एक आज्ञा आहे: बाकी कशातही काटकसर कर, पॉवर सप्लायमध्ये करू नकोस. भिंतीतली वीज घेऊन प्रत्येक भागाला त्याच्या पचनी पडेल अशी वाढणारा तो डबा. घरातली आईच म्हणा ना. तेव्हा मी सर्वांत भारी पॉवर सप्लाय घेतला. त्यावर सोनेरी बिल्ला होता आणि त्याची हमी एल्सी शाळेत जाऊन चांगली उलट उत्तरं द्यायला लागेपर्यंत चालणार होती. बाळाच्या स्वागताला जमलेल्या बायकांना मी आधी सोनोग्राफी दाखवली आणि मग पॉवर सप्लायचा फोटो. दुसऱ्या फोटोवर मी जास्त वेळ बोलले, असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

त्यामुळे संशयितांमध्ये त्याचं नावच नव्हतं. ज्याची आपण चारचौघांत फुशारकी मारली, तो दोषी असूच शकत नाही. न्यायाचं हे तत्त्व माझ्या घरापुरतं मर्यादित आहे असं मला वाटत नाही.

आमच्या पंथाची सभा इंटरनेटवर चोवीस तास भरलेली असते. तिथं मी माझं दुखणं मांडलं. पहिल्यानं विचारलं, फोटो कुठाय? फोटो टाकल्यावर दुसऱ्यानं वायरींच्या गबाळेपणावर खेद व्यक्त केला. तिसऱ्यानं गालिचा बघून विचारलं, की या खोलीत संगणक उघडायची तुमची हिंमतच कशी झाली? चौथा म्हणाला, माझ्याकडे असाच आहे आणि मस्त चालतो. हे ऐकून मला नेमका कसा दिलासा मिळावा, ते त्यानं सांगितलं नाही. एकानं मात्र अगदी सुरुवातीलाच दोन शब्दांत लिहिलं होतं: पॉवर सप्लाय बघा. मी त्याला सोनेरी बिल्ल्याचा फोटो पाठवला आणि पुढच्या वेळी नीट वाचून मग मत देण्याची विनंती केली. त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. सभेत मला बरेच अंगठे मिळाले.

मग मी भागांच्या कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. तयार संगणक घेणाऱ्याला एकच कंपनी टोलवते. घरी जुळवणाऱ्याला, स्वातंत्र्याचा लाभ म्हणून, प्रत्येक भागाची वेगळी कंपनी टोलवते. रॅमवाले म्हणाले, ही लक्षणं मदरबोर्डची. मदरबोर्डवाले म्हणाले, ग्राफिक्स कार्डाची. ग्राफिक्स कार्डवाल्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "हाताळताना आपल्या पायात लोकरी मोजे होते का, मॅडम?"

"फेब्रुवारी आहे. मी डुलूथमध्ये राहते."

"म्हणजे होते."

"दोन जोड होते, एकावर एक."

"लोकरीच्या घर्षणानं अंगात वीज साठते, मॅडम, आणि ती आमच्या कार्डात उतरते. लोकरी मोज्यांमुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही."

मी विचारलं की ते कार्ड डुलूथमध्ये विकताय कशाला? ती म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाची..." आणि मी फोन ठेवला. पुढचं मला पाठ होतं.

आता उरली भिंत. संगणकाची वायर मी बेडरूमच्या सॉकेटमधून काढून हॉलच्या, हॉलच्या काढून स्वयंपाकघराच्या सॉकेटला लावली. वीज कंपनीचा माणूस येऊन मीटरकडे बघून गेला आणि म्हणाला, वाईट नाही. तरी संगणक जातच होता, आणि नेमका भरात असताना जायचा: कॅमेरा सुरू, पडद्यावर चार खिडक्या उघड्या, मर्ना बोलतायत, की गेला. रिकामा असला की दिवसभर शहाण्यासारखा बसायचा. यातून कोणाही विचारी माणसानं जो निष्कर्ष काढला असता, तो मी काढला नाही. मी असा निष्कर्ष काढला, की घरातली बाकीची मंडळी त्याच्या तोंडचा घास पळवतायत.

म्हणून मी घरात भारनियमन लागू केलं.

कामाच्या वेळेत दिवे बंद. टोस्टर बंद. मायक्रोवेव्ह बंद. कपडे धुणं आणि वाळवणं फक्त रविवारी. फ्रिज उघडायचा तर आधी विचारायचं, कारण उघडला की त्यातला दिवा लागतो. एल्सीची दुधाची बाटली मी माझ्या स्वेटरच्या आत धरून गरम करायला लागले. ती बाटलीकडे न बघता माझ्या गळ्याकडे बघून रडायची. माणसाची पिल्लं किती पटकन शिकतात! ड्रू शाळेत शिकवतो. दमून घरी आला की अंधारात कोट घालून गार डबा खायचा.

"कसं आहे?" मी पडद्यावरची नजर न काढता विचारायची.

"वाईट नाही," अंधारातून आवाज यायचा. मग चमचा थांबायचा. "पण ब्रिट, मला तू दिसत नाहीयेस गं."

भारनियमनानं काही झालं नाही, तेव्हा मी भाग बदलायला घेतले. पंथात याला निदान म्हणतात. एक भाग नवा आणायचा, जुना काढायचा, वाट बघायची, संगणक गेला की पुढचा भाग आणायचा. आधी रॅम आली. मग ग्राफिक्स कार्ड. मग मदरबोर्ड, मग त्यावरचा प्रोसेसर, मग डिस्क. (पैशांचा विषय इथे येणार नाही, कारण तो अजून ड्रूसमोरही आलेला नाही.) जे जे काढलं, ते ते मी जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडत गेले. आम्ही जेवायला सोफ्यावर गेलो. दारी पार्सल आलं की एल्सी आता खोक्यावर थापा मारून त्याचं स्वागत करायची. तिला वाटत असावं, घरात आणखी एक भावंड येतंय, हप्त्याहप्त्यानं.

आढाव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, माझ्या सासूबाई जोअ‍ॅन आल्या. दोन्ही हातांत गरम भांडं: खाली खिमा, मध्ये डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्या ओळीत मांडून भाजलेल्या. आमच्याकडे याला हॉटडिश म्हणतात. कोणाकडे बाळ झालं, कोणी गेलं, किंवा कोणाच्या अकलेचं काही खरं दिसत नसलं, की ती आणायची पद्धत आहे.

जोअ‍ॅननी भांडं ठेवायला टेबलाकडे पाहिलं. टेबलावर जागा नव्हती.

"हे काय मांडलंयस गं?"

"हे निर्दोष आहेत," मी म्हटलं. "बदलून पाहिले."

"आणि तो अजून जातो?"

"सकाळीच गेला," ड्रू म्हणाला. तो एल्सीला खांद्यावर घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. अचानक थांबला. "ब्रिट, या टेबलावर अख्खा संगणक पडलाय. बघ ना. सगळं आहे. फक्त पॉवर सप्लाय नाहीये."

"म्हणूनच तर यात काही बिघाड नाही," मी म्हटलं.

मी काय बोलले, ते माझ्याखेरीज सर्वांच्या लक्षात आलं. एल्सीसुद्धा बापाचा कान सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"अगं बाई," जोअ‍ॅन म्हणाल्या, "मग तो डबा ज्याच्यात आहे, त्याच्यात बिघाड आहे!"

"जोअ‍ॅन, तुम्हाला माहीत नाही. त्याच्यावर सोनेरी बिल्ला आहे."

"बिल्ला माझ्या नवऱ्यालाही मिळाला होता बोलिंगमध्ये. गॅरेजचं दार चाळीस वर्षांत त्याला दुरुस्त करता आलं नाही."

आरोप आता जाहीररीत्या झाला होता, म्हणून रीतसर चौकशी करणं भाग होतं. पंथात त्यासाठी एक मान्यताप्राप्त चाचणी आहे. पॉवर सप्लाय बाहेर काढायचा, त्याची कोणतीही वायर कशाला जोडायची नाही, आणि त्याच्या मोठ्या जोडणीतल्या हिरव्या आणि काळ्या वायरीच्या खाचांत एक कागदाची टाचणी वाकवून अडकवायची. डब्याचा पंखा फिरला, तर डबा ठीक. टाचणी मिळेना, तेव्हा एल्सीच्या लसीकरणाच्या कागदांची काढून घेतली. लोकरी मोजे उतरवले. लाकडी पाटावर डबा ठेवला, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले, भिंतीचं बटण दाबलं.

पंखा फिरला.

अहाहा! काय फिरला म्हणून सांगू! आवाज नाही, थरथर नाही. मी पंख्यात नाक घालून बघत होते. त्याचं गार वारं माझ्या तोंडावर येत होतं आणि माझे डोळे भरून आले होते. "बघा!" मी ओरडले. "बघा, बघा, बघा! काही झालेलं नाही त्याला!"

मागून ड्रूचा आवाज आला. "ब्रिट."

"थांब रे. अजून बघू दे."

"ब्रिट, मागे वळ."

मी वळले, तोवर एल्सी धपकन बसली होती. सोफ्यापासून दूर, गालिच्याच्या मधोमध, जिथे धरायला काही नव्हतं. दोन्ही हात हवेत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

"एक पाऊल," ड्रू म्हणाला. "एक अख्खं पाऊल टाकलं तिनं."

"कसं होतं?" मी विचारलं.

जोअ‍ॅननी डोळे पुसले. "वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या.

ज्या पावलासाठी मी नवऱ्याला अंधारात जेवायला घातलं, पोरीला छातीवर कोमट केलेलं दूध पाजलं, ते माझ्या पाठीमागे दोन हातांच्या अंतरावर पडलं आणि मी तेव्हा एका निर्दोष डब्याचं वारं खात होते. पाळणाघरानंसुद्धा यापेक्षा जास्त लक्ष दिलं असतं. मी एल्सीला उचलून घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि तिला म्हटलं, पुन्हा कर ना गं. तिनं माझं नाक पिरगाळलं.

जोअ‍ॅन अजून पाटावरच्या पंख्याकडे बघत होत्या.

"याला काहीच जोडलेलं नाही?"

"नाही. चाचणी तशीच असते."

"मग त्यात काय कौतुक! रिकामं कोणीही फिरेल. बाळ व्हायच्या आधी मीही फिरत होते. त्याच्या कडेवर पोर दे, हातात भांडं दे, दार वाजू दे, आणि मग फिरून दाखव म्हणावं."

यावर माझ्याकडे मुद्देसूद उत्तर होतं. पण एल्सी कडेवर होती, ओव्हनमध्ये ठेवलेली हॉटडिश उतू जात होती आणि दारावर पार्सलवाला आला होता, त्यामुळे ते राहून गेलं.

जोअ‍ॅनकडे दुकानातून आणलेला एक जुना संगणक होता. त्यावर त्या पाककृती वाचायच्या आणि पत्ते खेळायच्या. ड्रू गाडी काढून तो घेऊन आला. आत कधीच कोणी डोकावलं नव्हतं. धूळ इतकी होती की आधी ती उकरावी लागली. त्याचा पॉवर सप्लाय राखाडी, बिनबिल्ल्याचा, बेढब. माझ्या कॅबिनेटमध्ये तो बसेना, तेव्हा बाहेरच ठेवला. ग्राफिक्स कार्ड काढून टाकलं, कारण त्याची भूक या म्हाताऱ्याला झेपली नसती. मग खात्री म्हणून तुलना केली. तेच भाग, तोच कॅमेरा, त्याच खिडक्या: सोनेरी बिल्ला लावला की संगणक जायचा, राखाडी डबा लावला की राहायचा. आम्ही उलटसुलट करून पाहिलं. ड्रूनं सगळे दिवे लावले. टोस्टर लावला, फ्रिज उघडा ठेवला. जोअ‍ॅननी ओव्हन पेटवला. राखाडी डब्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

सोमवारी आढावा झाला. वरची तीन मंडळी पडद्यावर होती. माझ्या मागे नीटनेटकी पुस्तकं दिसत होती. न दिसणाऱ्या बाजूला टेबलाखाली सासूबाईंचा पॉवर सप्लाय एका पाटावर घुरघुरत होता आणि जोअ‍ॅन स्वतः एल्सीला घेऊन शेजारच्या खोलीत होत्या. वरच्या मंडळींपैकी एकानं विचारलं, घरी तांत्रिक अडचण आली तर काय करता? मी म्हटलं, "संगणक मी स्वतः जुळवलेला आहे." सर्वांनी कौतुकानं माना डोलावल्या. जोडणी एकदाही तुटली नाही.

संध्याकाळी मर्नांचा फोन आला. "झालं गं पक्कं! घरूनच कर काम. फक्त एक सांगून ठेवते. घरून काम करणाऱ्यांनी प्रकरणं फेरतपासणीला वर पाठवलेली मंडळींना आवडत नाहीत. त्यांना वाटतं, घरी बसून लोक मऊ पडतात. तू आपली तिथल्या तिथं मिटवत जा."

"हो," मी म्हटलं. एल्सी तेव्हा माझ्या पायाला धरून उभी होती. मी कशालाही हो म्हटलं असतं.

सोनेरी बिल्ला मी हमीखाली कंपनीकडे पाठवून दिला. मार्चमध्ये त्यांच्याकडून टायलर नावाच्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, आपला पॉवर सप्लाय आम्ही कसून तपासला. त्यात दोष आढळला नाही."

"कसा तपासलात?"

"चालू केला, मॅडम. चाचणीच्या वेळी पंखा फिरत होता."

"त्याला काही जोडलं होतं का?"

"नाही. काही जोडलं असतं, तर त्या वस्तूचा चाचणीवर परिणाम झाला असता."

"अहो, पण तो काहीतरी जोडण्यासाठीच असतो ना!"

"आपल्याला झालेल्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे," टायलर म्हणाला. मी कान देऊन ऐकलं. "नाहक" नव्हतं. पोरगा पुढे जाईल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एव्हलेथच्या आयलीन कोस्की यांची तक्रार आली. बाईंची भट्टी, म्हणजे घर गरम ठेवणारी, ऐन कडाक्याच्या थंडीत बंद पडते. जानेवारीत ती पडली, नळ गोठून फुटले, घरभर पाणी झालं आणि त्याचं बर्फ झालं. आमचे निरीक्षक गेले होते. गेले तो दिवस उन्हाचा होता, छपरांवरचं बर्फ वितळून पाणी गळत होतं. त्यांनी लिहिलं होतं: भट्टी सुरू असल्याचं आढळलं, दोष नाही, नळांची काळजी घेतलेली नसावी. भरपाई नामंजूर. शेवटी कोस्कीबाईंनी लिहिलं होतं, "मी एकटी राहते. ती बंद पडली की ओव्हनचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसते. बाकी वाईट नाही."

त्या चाचणीत काय चुकलं होतं, हे त्या दिवशी अख्ख्या मिनेसोटात माझ्याइतकं कोणाला कळलं नसेल. रिकाम्या भट्टीची परीक्षा झाली होती. भट्टीच्या कडेवर थंडी द्यायला हवी होती. प्रकरण फेरतपासणीला वर पाठवायला मला एक बटण दाबावं लागलं असतं. ते "मिटवा"च्या बटणाच्या अगदी शेजारी आहे.

एल्सी माझ्या मांडीवर झोपली होती. ती आता चार-पाच पावलं सलग टाकते. ती सगळी मी पाहिली आहेत. झोपेत तिचे पाय अजून चालतात. उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकला होता, म्हणून मी डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायला लागले. आदरणीय श्रीमती कोस्की, आपल्याला झालेल्या त्रासाची आम्हाला जाणीव आहे. तथापि, चाचणीच्या वेळी भट्टी सुरू होती.

वाचून पाहिलं. फार कोरडं वाटलं. म्हणून पुढे लिहिलं, थंडीत स्वतःची काळजी घ्या. हे नियमात नाही. हे मी माझ्या मनानं घातलं. मग शेजारच्या बटणाकडे थोडा वेळ पाहिलं आणि "मिटवा" दाबलं.

तुम्हाला राग आला असेल, तर तो रास्त आहे. जरूर कळवा. आमच्याकडे तक्रारीची सोय आहे, आणि तिथे तुमचं म्हणणं कोणी यंत्र वाचत नाही, माझ्यासारखीच कोणीतरी जिवंत बाई वाचते, मायेनं वाचते, आणि एका बोटानं उत्तर लिहिते. फक्त फोन करणार असाल, तर जरा हळू बोला. एल्सी आत्ताच झोपलीय.